खाडीपलीकडची मॅच

मी एक जुना फुटबॉलचा बूट आहे, उजव्या पायाचा. माझा डावा जोडीदार पहिल्यापासून अबोल आहे, त्यामुळे दोघांच्या वतीने मलाच बोलावे लागते. मित्रांनो, माझा रंग आता राखाडी दिसतो, पण मुळात मी निळा होतो. माझ्या तळाला बारा रबरी स्टड, म्हणजे मातीत पकड घेणारे खुंट, होते. आज सात उरले आहेत. उरलेले पाच कुठे गेले, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. सुरतेला आल्यावर एका बंगल्यातल्या मुलाने मला जेमतेम तीन महिने वापरले. त्याचा पाय वाढला आणि मी जुन्या बाजारात एका चादरीवर जाऊन पडलो. तिथे काशीबाईने मला उचलले, उलटे केले, आत हात घालून चाचपले.

"हे मुलीला चालतील का, भाऊ?" तिने विचारले.

"जूते को थोडी पता है बेन, लडका है के लडकी," विकणारा म्हणाला.

काशीबाई सुरतेच्या नवागाम भागात राहते. लग्न होऊन ती भुसावळकडून इकडे आली. तिचा नवरा धम्मपाल कापडाच्या कारखान्यात लूमवर बारा तासांची पाळी करतो आणि ती घरात बसून साड्यांचे धागे कापते. पर्वत पाटियाच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे येतात. त्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने साफ करायचे, घडी घालायची, पुढची साडी घ्यायची. तिच्या खोलीत मी आलो तेव्हा जमिनीवर रंगीत धाग्यांचा थर होता. त्या थरात मला ठेवून तिने मुलीला हाक मारली.

विशाखा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने मला पायात घातले आणि उभी राहिली. नुसती टाचा उचलून पाहत राहिली.

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. शाळेमागे एक ओसाड मैदान होते. तिथे भूपेंद्र सर मुलींना शिकवत. सरांनी शिकवले हे मी नाकारणार नाही. चेंडूखाली पाय कसा घालायचा, डोके कधी वर करायचे, हे त्यांनीच विशाखाला दाखवले. तिचा उजवा पाय जोरदार होता. शाळेत पाहुणे आले की सर तिला वर्गातून बोलावून घेत आणि लांबून गोल मारायला लावत. पाहुणे टाळ्या वाजवत. रोज संध्याकाळी ती ओल्या फडक्याने मला पुसून खाटेखाली ठेवी. बुटाला याहून अधिक काय हवे असते?

मग जानेवारी आला. उतरायण, म्हणजे इकडची संक्रांत, होऊन आठ दिवस झाले होते, झाडांवर अजून फाटके पतंग लटकत होते. हजिऱ्याच्या बाजूला एका गावात स्पर्धा होती. मुलांचे सामने आणि मुलींचेही. मुलींच्या सामन्याला निवासी क्रीडा केंद्राच्या एक मॅडम येणार होत्या. त्यांनी निवडलेल्या मुलीला वसतिगृह, जेवण, शिक्षण आणि रोजचा सराव मिळणार होता. वयाच्या अटीप्रमाणे विशाखाचे ते शेवटचे वर्ष होते. धम्मपालच्या कारखान्यातली निम्मी यंत्रे तेव्हा बंद पडली होती. दहावीनंतर विशाखाने साडी पॅकिंगच्या कामाला लागायचे, हे घरात ठरलेच होते. ही निवड झाली असती तरच ते टळले असते.

ठरले असे. शाळेने केलेला टेम्पो पहाटे मुलांना आणि सरांना घेऊन जाईल. मुलींनी सिटी बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत यायचे. टेम्पो परत येऊन आठ वाजता त्यांना तिथून नेईल. मुलींचा सामना दहाला होता. सोबत मोठे माणूस हवे, म्हणून काशीबाई आली. त्या दिवशीचे धागे तिने शेजारणीला दिले.

तेरा मुली साडेसातलाच स्टॉपवर उभ्या होत्या. विशाखाच्या पायात चपला होत्या. आम्हा दोघांच्या नाड्या एकमेकींना बांधून तिने आम्हाला गळ्यात अडकवले होते. आठ वाजले, सव्वाआठ झाले. काशीबाईने सरांना फोन लावला.

"निघालाय टेम्पो. पाच मिनिटं," सर म्हणाले.

साडेआठला तेच उत्तर आले. पावणेनऊला त्यांनी फोन उचलला नाही. समोरच्या रस्त्यावरून लोखंडाची भेंडोळी लादलेले ट्रेलर एकामागून एक जात होते. रिकामी रिक्षा एकही येत नव्हती. संघाची कप्तान चंचल चहाच्या टपरीवर विचारून आली.

"मावशी, रोडनं चौदा किलोमीटर आहे. शेतातून नऊच आहे. कालव्याच्या काठानं जायचं, मग एक खाडी लागते. टपरीवाला बोलतो, आत्ता पार करता येते."

काशीबाईने मुलींकडे पाहिले. "चालवेल का तुम्हाला? मग खेळायचं पण आहे."

"इथं उभं राहून पण पाय दुखतातच," विशाखा म्हणाली.

टेम्पो आला तर कळवायला टपरीवाल्याला सांगितले आणि त्या निघाल्या. निघताना चंचलने सरांना मेसेज केला : आम्ही शेतातून चालत येतोय, मॅच थांबवा. थोड्या वेळाने मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे सरांनी तो वाचला होता. मुलींना बरे वाटले. आता सर थांबवतील, असे त्या एकमेकींना सांगत राहिल्या.

सुरुवातीचा रस्ता सोपा होता. डाव्या हाताला कालवा, उजव्या हाताला तोडणीला आलेला ऊस. मुली आधी गात होत्या, मग गप्प झाल्या. दूरवर कारखान्यांची धुराडी दिसत होती आणि एका उंच नळीच्या टोकावर गॅसची ज्योत जळत होती. तासभर चालूनही ती ज्योत तेवढीच लांब राहिली. ऊस संपल्यावर झिंग्यांची तळी लागली आणि तळ्यांपुढे खाडी.

खाडीत गुडघाभर पाणी आणि त्याखाली काळा चिखल होता. तळ्याची राखण करणारा एक म्हातारा बांधावर बसला होता.

"ओट छे, बेन," तो म्हणाला. "जल्दी निकळी जाव. कलाकमां भरती आवशे."

ओहोटी होती, पण तासाभरात पाणी चढणार होते. मुलींनी चपला हातात घेतल्या आणि एकमेकींचे हात धरून त्या उतरल्या. मधोमध काशीबाईचा पाय रुतला. तोल सावरायला तिने हात टेकला आणि चिखलाने तिच्या हातातल्या दोन्ही चपला गिळल्या. तिने खूप चाचपले. एकही मिळाली नाही.

पलीकडे वेड्या बाभळीचे रान होते. शंभर पावलांत काशीबाईच्या टाचेत काटा मोडला. चंचलने पिनेने तो काढला, पण रक्त थांबेना. विशाखाने गळ्यातून आम्हाला काढले आणि आईसमोर ठेवले.

"हे घाल."

"वेडी का काय? हे तुझे खेळायचे आहेत. दगडावर झिजतील."

"घाल म्हणते ना आई. चपलेतून काटा आरपार जातो इथं."

"मला बुटात चालता येत नाही."

"मला पण येत नव्हतं."

काशीबाईने आयुष्यात कधी बूट घातले नव्हते. आईचे आणि मुलीचे माप एकच निघाले. विशाखाने वाकून आईच्या पायातल्या नाड्या बांधल्या. काशीबाईने साडी खोचली, दोन पावले टाकली आणि तिला हसू आले.

"व माय. कसं धरून ठेवतं ग पायाला."

मित्रांनो, आजवर मी इतक्यांदा पायात गेलो आहे, पण एवढे जपून मला कोणी घातले नव्हते. ती माझ्यावर भार द्यायलाही कचरत होती. तरी पुढची पाऊण तासाची वाट खडीची होती. पहिला स्टड तिथेच तुटला. मग दुसरा. गावात शिरेपर्यंत पाच गेले आणि माझ्या पुढच्या टोकाचा तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागला. काशीबाई दर थोड्या अंतरावर थांबून पाहायची आणि म्हणायची, "दोरीनं बांधू आपण. खेळता येईल."

मैदानावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मंडपात मुले पुरी-भाजी खात होती. त्यांनी त्यांचा सामना जिंकला होता. फळ्यावर मुलींच्या सामन्यापुढे खडूने लिहिले होते : नवागाम अनुपस्थित. समोरचा संघ विजयी.

भूपेंद्र सर ताट हातात घेऊनच उठले. "अरे, चालत कशाला आलात? टेम्पो निघालाच होता."

काशीबाईने मागे पाहिले. कडुलिंबाखाली टेम्पो उभा होता. त्याचा ड्रायव्हर लखन मागच्या फळीवर पाय पसरून झोपला होता. चंचलने त्याला हलवून उठवले.

"लखनभाई, तुम्ही आम्हाला घ्यायला निघाला होता?"

"मी?" तो डोळे चोळत म्हणाला. "मला कोणी बोललंच नाही. सर बोलले, मुलांची मॅच आहे, पाणी-सामान लागेल, इथंच थांब."

सरांनी ताट खाली ठेवले. "मुलांची मॅच लवकर घेतली. गडबडीत राहिलं ते."

"मेसेज वाचला होता तुम्ही," विशाखा म्हणाली.

"वाचला. पण कमिटी ऐकत नाही ना बेटा."

गुण लिहिणारा माणूस शेजारीच बसला होता. तो साधेपणाने म्हणाला, "साहेब, कमिटीला तुम्ही सांगितलं मुली येत नाहीत. त्या मॅडम थांबायला तयार होत्या. अर्ध्या तासापूर्वी गेल्या."

काशीबाई खाली बसली. तिने नाड्या सोडल्या, मला पदराने पुसले आणि मुलीपुढे धरले. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नसावे. समोरच्या संघातल्या मुली येऊन म्हणाल्या, आपण असेच खेळू. पण दुपारी मुलांची फायनल होती आणि मैदान आखून ठेवले होते. कमिटीने नाही म्हटले.

संध्याकाळी त्याच टेम्पोतून सगळे परतले. मुले बाकांवर, मुली खाली. तेरा मुली, काशीबाई, सगळ्या मावल्या. एक कोपरा तरीही रिकामा राहिला होता. काशीबाई सगळा वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत होती.

विशाखा नंतर मैदानावर गेली नाही. सर दोनदा घरी आले. ती आत साड्यांच्या घड्या घालत राहिली. दहावी झाली आणि ती पॅकिंगला लागली. मी खाटेखाली पडून राहिलो. माझ्यात धाग्यांचा कचरा साठला, एकदा उंदराने नाडी कुरतडली. कोणी मला हात लावत नव्हते, आणि मला त्याचा राग येत नव्हता.

पुढच्या वर्षी शाळेच्या वार्षिक समारंभाला फाटकावर मोठा फलक लागला. त्यावर मुलींच्या संघाचा जुना फोटो होता, सर मध्ये उभे होते, आणि खाली मुलींच्या खेळाला उत्तेजन देण्याविषयी दोन ओळी होत्या. काशीबाईने तो फलक पाहिला. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला साडीच्या पिशवीत घालून शाळेत गेली आणि तिने आम्हाला सरांच्या टेबलावर ठेवले.

"फोटो लावला तर हे पण ठेवा," ती म्हणाली. "हे पण आले होते तुमच्या मॅचला."

ती भांडायला गेली होती. सरांना ते भेट दिल्यासारखे वाटले, की तसे वाटून घेणे सोयीचे होते, मला सांगता येत नाही. आठवड्याभरात मी काचेच्या कपाटात, मुलांच्या चषकांच्या रांगेत आलो. माझ्यापुढे एक कार्ड उभे केले : जिद्द. आमच्या मुली नऊ किलोमीटर चालत मैदानावर पोहोचल्या. पाहुण्यांना ते वाचून दाखवताना सरांचा आवाज भरून येतो.

एकदा विशाखा दाखला घ्यायला शाळेत आली. कपाटापुढे ती बराच वेळ उभी होती. मग तिने भगवान शिपायाला कपाट उघडायला सांगितले, त्याचेच पेन घेतले आणि कार्डाच्या खाली लिहिले : मॅच झाली नाही. माझ्याकडे तिने पाहिले, पण मला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे नवीन कार्ड होते, प्लास्टिकमध्ये बंद केलेले. मजकूर पहिलाच होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी काळजी नीट घेतली जाते. भगवान दर शनिवारी मला पॉलिश करतो. म्हणून माझे मागणे माझ्यासाठी नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती एखादे मैदान आणि एखादा टेम्पो येईल. तुम्ही बोलावलेली माणसे वाटेत असतील, तर त्यांच्यासाठी मॅच थांबवा. आणि नाही थांबवलीत, तर निदान त्यांच्या चालण्याचे कौतुक करू नका.