मावशीने अडवलेले नाटक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. तीन पाय, एक सडपातळ कंबर आणि वर कागद ठेवायची तिरकी पाटी, एवढाच माझा देह. सुरुवातीला मी एका व्हायोलिनवादकासमोर उभा असे. त्यांनी नवा स्टँड घेतला आणि माझी रवानगी नाटकाच्या तालमीच्या हॉलमध्ये झाली. तेव्हापासून मी अभिवाचनाच्या कामाला आहे. अभिवाचन म्हणजे नवे नाटक लोकांसमोर नुसते वाचून दाखवायचे. ना पडदा, ना रंगभूषा. नट माझ्यावर संहिता ठेवतात आणि आवाजाच्या बळावर अख्खे मैदान उभे करतात.

अलीकडे आमच्याकडे खेळाडू बायकांवरची नाटके येऊ लागली. पोहणारीचे नाटक वाचताना पहिली रांग श्वास रोखून बसली होती. कुस्तीगिरिणीच्या नाटकात तर नटीचा हात असा जोरात लागला, की मीच चितपट झालो. टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी होत्या, असे मी आजही मानतो.

पण खरी गंमत फुटबॉलच्या नाटकाची. ते लिहिणारी मुलगी शाळेत खेळ शिकवायची. तिची मावशी तरुणपणी गोलकीपर होती, तिच्यावरच हे पहिलेवहिले नाटक. लोकांना आवडले तर रंगमंचावर आणू, असे हॉलच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितले होते.

वाचन छान रंगले. शेवटी अंतिम सामना हरल्यावर गोलकीपर कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडते, असा प्रसंग होता. नटीने तो जीव ओतून वाचायला घेतला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "थांबा जरा. मी कुठे रडले होते?"

मुलीचा चेहरा उतरला. "मावशी, अगं नाटक आहे ते," ती कशीबशी म्हणाली.

"असू दे की. मी आधी पंचांशी भांडले. मग बस चुकली, तर आम्ही सगळ्या गाणी म्हणत चालत घरी आलो. तुझी आई माझे बूट गळ्यात अडकवून पुढे होती. रडायला सवड कुणाला होती?"

लोक खो खो हसले. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "मावशी, वर येऊन सांगा सगळं."

मावशी आली. तिला संहिता कसली लागते! माझी कंबर घट्ट धरून तिने ती सारी वाट लोकांना चालवून आणली. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "मी तुला उगाच बिचारी करून टाकलं गं."

"मग कर दुरुस्त. बिचारीचा खेळ बघायला कोण येणार?"

मुलीने तिथेच माझ्या पाटीवर कागद टेकवून शेवट नव्याने लिहायला घेतला. पुढच्या वाचनाला प्रेक्षकही त्या गाण्यांत सामील झाले, आणि नाटक रंगमंचावर गेले. मी मात्र मागेच राहिलो. खऱ्या प्रयोगात आम्हाला जागा नसते. थोडे वाईट वाटले, पण नव्या संहिता येतच असतात.

मित्रांनो, नवे नाटक कच्चे असते, अडखळते. त्याला नावे ठेवण्याआधी शेवटपर्यंत ऐका, आणि चुकले तर तोंडावर, मायेने सांगा. आणि हो, माझ्या एका पायाचे रबर गेले आहे. उद्या भालाफेकीचे नाटक आहे. तेवढे बसवून द्या.