आप्पांच्या एकसष्ट तारखा

"मॅडम, उडवून टाका त्या नोंदी," पृथ्वीराज साहेब उभ्याउभ्याच म्हणाले. "एकसष्ट खोट्या तारखांपायी सगळं काम अडलंय."

हर्षदाचा हात माऊसवरच राहिला. खोट्या! तो शब्द तिला असा काही झोंबला, की विचारू नका.

रांजणगावच्या त्या कारखान्यात मशिनींचे कंट्रोल पॅनल बनत. पॅनलच्या प्रोग्रॅममधली एक ओळ जरी बदलली, तरी कॉम्प्युटरवर नोंद व्हायची: कुणी बदलली, कधी, कशासाठी. चौदा वर्षांच्या त्या नोंदी आता, २००९ साली, जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये न्यायच्या होत्या. आणि नवी सिस्टीम भलतीच सोवळी! एक नोंद बुधवारी संध्याकाळची, आणि तिच्या मागून आलेली त्याच बुधवारी सकाळची. हे कसं चालेल, म्हणून ती अडून बसली होती. अशा एकसष्ट नोंदी, आणि सगळ्यांवर नाव एकच: सोपानराव कोळपे.

सोपानराव म्हणजे आप्पा. वायरमन म्हणून लागलेला हा माणूस चाळिशीत मॅन्युअल वाचून वाचून प्रोग्रॅमिंग शिकला होता. डेटा एंट्रीला लागलेल्या हर्षदाला त्यांनीच शेजारी खुर्ची देऊन शिकवलं. "चुकलं तर चुकलं. पर लपवायचं न्हाई, नोंद करायची," हे त्यांचं रोजचं. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले.

"नोंदी उडवल्या तर त्यांचं काम कुणाच्या नावावर जाईल, सर?"

"ॲडमिनच्या. आणि उद्या ऑडिटला कस्टमरनं विचारलं, हा माणूस तारखा का फिरवत होता, तर मी काय सांगू? तुमच्याकडं आहे उत्तर?"

"सोमवारी देते," हर्षदा म्हणाली. म्हणाली खरी, पण उत्तराचा पत्ता नव्हता.

तिनं एकसष्ट तारखा कागदावर उतरवल्या. मधलं अंतर कुठं एकोणतीस दिवसांचं, कुठं तीस, कुठं साठ-एक. आपली धनगराघरची आजी चंद्रावरून दिवस असेच मोजायची हे तिला आठवलं, आणि तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून जुन्या तारखा मागं मागं मोजत नेल्या. अमावस्या! प्रत्येक तारीख तिच्या आदल्या दिवसाची. म्हणजे प्रत्येक वेळी काम अमावस्येला झालेलं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ एक दिवस मागं केलेलं. पण आप्पा असलं काही मानणाऱ्यातले नव्हते. मग कशासाठी? हे सांगू शकणारं माणूस आता एकच होतं.

रविवारी सकाळी शिरूरच्या स्टँडवरून एसटी धरून ती दौंडला गेली. आप्पांचा मुलगा रेल्वेत, त्यामुळं आप्पांच्या पत्नी म्हाळसाकाकू आता रेल्वे कॉलनीत राहत होत्या. दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"अगं बया, हर्षे! वाळलीस की गं! ये, बस."

हर्षदा पाणी प्यायली. काकूंबरोबर मेथी निवडता निवडता आप्पांच्या जुन्या नोंदी पुसायला निघालेत हे तिनं सांगितलं आणि भीत भीत विषय काढला. "काकू, अमुशाचं काय व्हतं हो आप्पांचं?"

काकूंचे हात थांबले. "त्यांचं न्हाई, माझं व्हतं. चौऱ्याण्णव साली नवा पॅनल चालू करताना करंट बसला न्हाई का त्यांना? बोट वाकडं झालं ते? त्या दिशी अमुशा. मी पाय धरले, म्हनलं अमुशाला नवं काम हातात धरायचं न्हाई. दिला शब्द."

"आन् पाळला?"

"घरी आले की मी इचारायची. म्हणायचे, मशिनीत बघ, आजच्या तारखेला माझं एकबी काम न्हाई."

हर्षदाला आता उलगडलं. म्हणजे दिलेला शब्द मोडू नये म्हणून या माणसानं घड्याळच मागं नेलं होतं. आता हे या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? ती मेथीच्या काड्या मोडत राहिली.

"मला काय खुळी समजतीस?" काकू एकदम म्हणाल्या. "एरवी मोकळ्या हातानं यायचे. अमुशाला काम केलं असलं, की हमखास भेळ! न मागता. तवाच कळायचं, आज ह्यांनी घोळ घातला."

"मग बोलला न्हाईत कधी?"

"कशाला? माझ्यासाठी एवढी धडपड करत हुते ते." काकूंनी पदरानं डोळे टिपले, आणि हसल्या. "किती येळा केलं आसंल गं त्यांनी?"

"एकसष्ट."

"असंल. तेवढी भेळ खाल्ली असंल मी." मग हळूच, "पुसणार व्हय गं आता ते?"

"न्हाई काकू. नव्या सिस्टीममधी एका कामाला दोन तारखा राहतात. एक काम करणाऱ्यानं सांगितलेली, दुसरी, काम खरंच झालं त्या दिवसाची."

"मग त्यांची बी ठिव, आन् खरी बी ठिव." निघताना काकूंनी बजावलं, "पर उद्या नगं करू गं. उद्या सोमवती. अमुशाला नवं काम..."

"व्हय काकू," हर्षदाच्या तोंडून निघून गेलं.

सोमवारी दुपारपर्यंत एकसष्टच्या एकसष्ट नोंदी दोन-दोन तारखा लेवून नव्या सिस्टीममध्ये गेल्या. सगळ्यांवर सोपानराव कोळपे. साहेब खुर्ची ओढून बसले.

"ऑडिटला काय सांगू?"

"सांगा, माणसानं बायकोला शब्द दिला होता."

साहेबांनी पडद्यावरचं आप्पांचं नाव एकदा वाचलं. मग म्हणाले, "बरं. लिहून ठेवा तसं."

शेवटी राहिली हर्षदाची स्वतःची नोंद: काम पूर्ण झाल्याची. ती तिनं भरली. साहेब वाकून वाचू लागले आणि मध्येच अडले.

"मॅडम, आज सोमवार ना? इथं रविवार कसा?"

"राहू द्या, सर," हर्षदा म्हणाली. "दुसरी तारीख खरी आहे."

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून शिरूरला उतरल्यावर तिनं स्टँडसमोर भेळ घेतली. एक पुडा तिथंच खाल्ला. दुसरा बांधून घेतला आणि दौंडच्या गाडीची चौकशी केली.