नऊ तासांची सरळ रेघ

साहेब, त्याची आई आजारानं गेली, त्याचं खापर तुमच्या माथी फोडत नाही. पण तिचे डोळे उघडे असताना पोचला असता असा मुलगा तुम्ही अडवलात. गार खोलीत बसून, चहा फुंकत फुंकत अडवलात.

तो वेल्डर, पोटासाठी इथं परमुलखात आलेला. कारखान्यात सगळे त्याला ठिणग्या म्हणत. सोमवारी ताईचा घरून फोन आला, डॉक्टरांनी चार दिवस सांगितलेत, निघ. हातमोजे काखेत मारून तो तसाच तुमच्यासमोर आला. पासपोर्ट तुमच्या कपाटात, म्हणजे तुमच्यासमोर उभं राहणं आलंच.

तुम्ही कॉम्प्युटरवर इथला विमानतळ टाकला, तिथला टाकला. दोन ठिपक्यांमध्ये एक रेघ उमटली.

"नऊ तास," तुम्ही म्हणालात. "आणि आई आहे चार दिवस. मग बुडाला आग लागल्यासारखा का नाचतोस? टाकीचं काम उरक, गुरुवारी जा."

"साहेब, तिकडं सरळ विमान नाही हो."

"मला भूगोल शिकवतोस? पृथ्वी काय तुझ्या आईसाठी वाढली?"

शेजारचा कारकून फिदीफिदी हसला. हसायचाच पगार त्याला.

ठिणग्यानं दातओठ खात टाकी जोडली. गुरुवारी पासपोर्ट नि तिकीट हातात पडलं, तेही तुमच्याच टेबलावरून. तीन विमानं, मधे दोन ठिकाणी ताटकळणं, दीड दिवसाचा प्रवास. मोजताना रेघ सरळ, तिकीट काढताना वाकडी. वाकडी स्वस्त पडते.

दुसऱ्या विमानतळावर तो शेवटच्या विमानाची वाट बघत होता. ताईनं फोन आईच्या कानाला लावला.

"कुठवर आलास रे?"

"आलोच गं. एकच विमान राहिलंय."

"जेवलास?"

"जेवलो की." पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"मग मी जागीच राहते. उशीर केलास तर दार उघडणार नाही, सांगून ठेवते."

लहानपणापासूनची धमकी. एकदाही खरी झाली नव्हती.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला, आणि ताई नुसती रडली.

गप्प बसला असता तर घरी पोचला असता. पण सरळमार्गी माणसाची खोड वाईट, विचारल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. त्यानं तुम्हालाच फोन लावला. आई गेली साहेब, दोन दिवस वाढवून द्याल का?

"रजा आजारी आईला भेटायची होती," तुम्ही म्हणालात. "आता आजारी कोण आहे? परत ये. मयताची रजा वेगळी, ती इथं येऊन माग."

"साहेब, मी अर्ध्या वाटेत आहे."

"मग परतायलाही अर्धीच वाट. बरंच झालं की."

विमानाच्या दाराशी त्यानं तिकीट यंत्राला लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल दिवा. पुढचं तिकीट तुम्ही रद्द केलं होतं, परतीचं तेवढं चालू.

"काका, बाजूला व्हा," दारावरची मुलगी म्हणाली, "मागं माणसं खोळंबलीत."

तो बाजूला झाला. काचेपलीकडं त्याचं विमान त्याच्याविना सरकलं.

"अरे, बोल ना," फोनवर ताई विचारतेय. "माणसं जमलीत. तुझ्यासाठी थांबवू, की उचलू?"

हिशेब तुम्ही केलात साहेब, उत्तरही तुम्हीच द्या. थांबवायचं की उचलायचं? ताई फोन धरून उभी आहे. बोला.