भाताला उकळी येईपर्यंत

वरात मारुतीच्या देवळापाशी वळली आणि परशरामचा वरचा दात क्लॅरिनेटच्या टोकावर मोडला. शेजारचा दात गेल्या उन्हाळ्यातच पडला होता. तोंडात रक्ताची चव आली, सूर फाटला. पण थांबता येत नव्हतं. मागं ढोल होते, पुढं नवरदेवाचा घोडा होता, दोन्ही बाजूंना शहापूरच्या गल्लीतली माणसं दाटीनं उभी होती. त्यानं दात गालात धरला, क्लॅरिनेट ओठांशी तसंच ठेवलं आणि नवरीच्या दारापर्यंत नुसती बोटं हलवत गेला. लोकांना काही कळलं नाही. नागोजीला कळलं. बँड त्याचा होता, आणि बँडमधलं एक वाजप मुकं झालं तर त्याचा कान लगेच टवकारायचा.

नवरी-नवरा आत गेल्यावर तो परशरामला गॅसबत्तीच्या उजेडात घेऊन आला.

"अण्णा, आ करा बघू."

परशरामनं तोंड उघडलं. नागोजीनं बघितलं आणि मान खाली घातली.

"आता काय करायचं ओ?"

"काय करतोस? दात न्हाय तर धरू कशावर? फुंकलं की वारं भाईर."

"झांजा घ्या. तुमी बँडात पायजेच."

नागोजी मनानं चांगला होता, म्हणून त्याच्यावर रागावताही येईना. बँडचं क्लॅरिनेट परशरामनं फडक्यानं पुसून पेटीत ठेवलं. तरणा होता तेव्हापासून ते त्याच्या ओठाला होतं. आता त्याच्या केसांत पांढरं जास्त, काळं कमी. पुढच्या वरातीत तो झांजा घेऊन मागच्या ओळीत उभा राहिला. झांजा वाजवायला काही लागत नाही. मन दुसरीकडं असलं तरी हात आपटत राहतात. तेच त्याला सोसेना.

लग्नसराई संपली की तो सूत रंगवायच्या कामावर जाई. दिवसभर हात रंगाच्या पिंपात. बायको जयाबाई घरात बसून विणकरांसाठी कांड्या भरायची. सुताच्या लडीचा धागा चरख्यावर फिरवून फिरवून कांडीवर घ्यायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. शेजारची यशोदाबाई त्या कांड्या मागावर न्यायला रोज यायची. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात दोन माणसं आणि चरख्याची कुरकुर, एवढंच उरलं होतं.

पावसाळ्याआधी नागोजीनं बँडची बिघडलेली वाजपं दुरुस्तीला पाठवली. ती डोक्यावर घेऊन परशराम लष्कराच्या कँपात गेला. तिथं कायतान नावाचा म्हातारा गोवेकर राहायचा. एके काळी पलटणीच्या बँडात होता, आता घराच्या पडवीत बसून वाजपं नीट करायचा. त्यानं परशरामकडं पाहिलं आणि हसला.

"तोंडाचें काय केलेंस रे?"

"गेलं. वाजप सुटलं."

कायताननं भिंतीवरची गिटार काढली. कुणा गोऱ्या शिपायानं फुटली म्हणून टाकून दिलेली. त्यानं तिचं पोट सांधलं होतं. ती त्यानं परशरामच्या मांडीवर ठेवली.

"हिका दात नाका. वारें नाका. दात नको, वारं नको. बोटां आसात न्हय?"

"ह्या वयात, कायतान?"

"वयाचें कोण विचारता? थोडें वाजय, पूण सदांच वाजय." मग परशरामला नीट कळावं म्हणून मोडक्या मराठीत पुन्हा म्हणाला, "थोडाच वेळ. पण रोज. बोट दुखायच्या आधी ठेव. पेटीत नको घालू, नजरेसमोर टांग. पेटीतली वस्तू माणूस विसरतो."

बोटं कुठं दाबायची, ते त्यानं दाखवलं. परशराम ती गिटार पंच्यात गुंडाळून चोरासारखी घरी घेऊन आला.

"ह्यो कसला तंबोरा?" यशोदाबाईनं दारातूनच विचारलं.

"गिटार म्हंत्यात."

"म्हातारपणी?" ती हसली आणि कांड्यांची टोपली काखेला मारून गेली. जयाबाई हसली नाही. तिनं चरखा मात्र जरा जोरात फिरवला.

संध्याकाळी कामावरून आल्यावर त्याच्या अंगात त्राण नसायचं. म्हणून त्यानं सकाळ धरली. जयाबाई चुलीवर भाताचं आधण ठेवायची. तांदूळ घातले की तो खुंटीवरची गिटार काढायचा आणि भाताला उकळी आली की परत टांगायचा. मग भाकरी बांधून कामाला.

पहिले काही महिने वाईट गेले. पिंपातल्या पाण्यानं भिजून भिजून बोटांची कातडी मऊ पडलेली. तिच्यात तार सुरीसारखी रुतायची. क्लॅरिनेटवर जी गत झोपेतही वाजली असती, ती इथं दोन सुरांपुढं सरकेना. पुष्कळ वेळा वाटायचं, आज नको. अंग ठणकायचं, डोळे मिटायचे. पण तांदूळ पडल्याचा आवाज झाला की हात आपोआप खुंटीकडं जायचा. आज एक सूर साफ निघाला, उद्या तोच बिघडला, परवा पुन्हा निघाला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले आणि तार रुतायची थांबली.

"लोकं हसत्यात," जयाबाई एकदा म्हणाली.

"हसू देत. तुला तरास हुतोय काय?"

"मला कसला तरास?" ती म्हणाली आणि लाकूड पुढं सारलं.

दुसरी लग्नसराई तोंडावर आली, तेव्हा नवरदेव मांडवात येताना वाजवायची गत त्याला पूर्ण वाजवता येत होती. त्या दिवशी त्यानं धुतलेली पैरण घातली आणि गिटार उघडीच घेऊन गल्लीतून तालमीला गेला. नागोजीच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं बँड जमायचा. परशराम वाजपांच्या एका पेटीवर बसला आणि गिटार वाजवायला लागला. पोरांनी बिड्या खाली धरल्या. शेडमध्ये कुणी हललं नाही.

"वा, अण्णा!" ढोलवाला भरमू ओरडला. "थांबू नगासा, मी साथ देतो!"

त्यानं ढोल गळ्यात घातला आणि मनापासून ठेका धरला. पत्रा घुमला. परशरामची बोटं तारांवर चालत होती, ती त्याला दिसत होती. कानाला मात्र काहीच येत नव्हतं. त्यानं जोर केला. तरीही नाही. भरमू त्याच्याकडं बघून आनंदानं मान डोलावत होता.

नागोजीनं हात वर करून ढोल थांबवला. एकाएकी फार शांत झालं.

"अण्णा," नागोजी म्हणाला, "हात लई ब्येस बसलाय. पर..."

"व्हय," परशराम म्हणाला. पुढचं नागोजीला बोलायला लागू नये म्हणून त्यानंच बोलून टाकलं. "रस्त्यावर न्हाय चालायचं हे. झांजा कुटं हायत?"

घरी येऊन त्यानं गिटार खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ पडले, भात शिजला, तो जागचा उठला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. जयाबाई त्याच्याकडं बघायची आणि पुन्हा चुलीकडं वळायची. असे काही दिवस गेल्यावर तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विचारलं,

"का ओ, बंदच केलासा?"

"उपेग काय त्येचा? बँडात घेत न्हाईत. कुनाला ऐकवायचं?"

जयाबाईनं चुलीतली राख मागं ओढली. मग चुलीकडं तोंड करूनच म्हणाली,

"लगीन झाल्यापास्नं तुमी जलमभर वाजीवलं. दुसऱ्यांच्या दारात. निपाणीत, कोल्लापुरात, कुटंकुटं. वाजप नागोजीच्या घरात, मी हितं कांड्या भरत. लोकं सांगायची, तुजा दादला लई ग्वाड वाजीवतोय. मी आपली व्हय म्हनायची." तिनं पदरानं धूर बाजूला सारला. "मी कवा ऐकलं ओ? ह्या भाताच्या टायमालाच तेवडं ऐकलं."

लग्नं, मिरवणुका, जत्रा, एवढ्या वर्षांतली सगळी दारं परशरामनं आठवून पाहिली. त्यांत आपलं दार कुठं नव्हतंच. तो उठला. गिटारीवर धूळ बसली होती. ती त्यानं हातानं पुसली. बोटांना पुन्हा तार टोचली. जयाबाईनं लाकूड मागं ओढून जाळ कमी केला.

त्यानंतर घरी असताना त्यानं एकही सकाळ चुकवली नाही. वराती तशाच चालू राहिल्या. मागच्या ओळीत, झांजा हातात, कोसभर चालणं. पाय सुजायचे. गुडघे कुरकुरायचे. कोणी ओळखीचा विचारी, "अण्णा, फुंकायचं सोडलंसा?" तो नुसती मान हलवायचा.

वैशाखात निपाणीला तंबाखूच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं. सलग तीन दिवस बँड उभा होता. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं परशराम परतला आणि उन्हं वर आली तेव्हा दारात येऊन टेकला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"आज ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला.

"थोडंच," जयाबाई म्हणाली. "हात लावून ठेवा."

तिनंच गिटार काढून त्याच्या मांडीवर दिली. तो भिंतीला टेकला. दोन सूर निघाले. तिसऱ्याला बोट तारेवरच राहिलं आणि मान छातीवर आली. तो बसल्या जागी झोपला होता, दोन्ही हात वाजवायच्या जागी.

जयाबाईनं चरख्याकडं पाहिलं. लडी अर्धी होती. चरखा फिरवला तर तो जागा होईल, म्हणून ती दारात येऊन नुसती बसली, हात मांडीत घेऊन.

यशोदाबाई टोपली घेऊन आली.

"कांड्या झाल्या न्हाईत व्हय गं अजून? माग थांबलाय."

जयाबाईनं बोट ओठांवर ठेवलं.

"दुपारी ने," ती हळू म्हणाली. "आत्ता त्यांचं वाजवणं चाललंय."

यशोदाबाईनं कान दिला. घरातून कसलाही आवाज येत नव्हता. तिनं एकदा जयाबाईकडं पाहिलं, डोईवरचा पदर सारखा केला आणि पावलं न वाजवता मागं फिरली.