दोन्ही रानांत बसणारी मेंढरं

हल्ली घरोघरी एक सेनापती असतो. साताऱ्याजवळच्या एका गावात तो मान निवृत्त हवालदार धैर्यशीलरावांचा. त्या सकाळी टीव्हीवर दोन बलाढ्य देशांचं युद्ध चाललं होतं. त्यांच्या मधोमध वसलेला एक छोटा देश म्हणत होता, आम्ही कुणाच्याच बाजूनं नाही.

"भेकड लेकाचे!" धैर्यशीलराव गरजले. "हिकडं तरी या, न्हाईतर तिकडं तरी जा!"

"आवं, च्या निवतोय," त्यांची बायको संयोगिता म्हणाली. "त्यांनी तुमाला इचारलंय व्हय?"

तेवढ्यात आटपाडीकडचा मेंढपाळ कोंडीबा दारात आला. उसाच्या लागणीआधी रानाला खत मिळावं म्हणून दरसाल त्याची मेंढरं इथं बसत. आधी धैर्यशीलरावांच्या रानात, मग त्यांचा चुलतभाऊ इंद्रजित याच्या रानात. औंदा मात्र बांधावरून भावाभावांत अबोला होता.

कोंडीबा तोंड उघडणार, तोच धैर्यशीलराव म्हणाले, "त्याच्या रानात मेंढरं बसवायची न्हाईत. आन् बांध त्यानंच कोरला, असं गावाम्होरं सांगायचं. आमचा का त्याचा, बोल!"

"मालक, मी बघितलं न्हाई, तर सांगू कसं? मी दोघांचाबी हाय."

"मग उचल बिऱ्हाड! जा त्याच्याकडं!"

कोंडीबानं घराशेजारच्या रानात उतरलेल्या बायकोला हाक मारली. हरणाबाईनं घोड्यावर बोचकी चढवली, कालच जन्मलेली दोन कोकरं वर ठेवली. पण घोडं इंद्रजितच्या रानाकडं वळलं नाही, थेट सडकेकडं निघालं!

"आरं, तिकडं कुठं?" धैर्यशीलराव चक्रावले.

"तुमी हाकललं म्हणून तिकडं गेलो, तर मी त्यांचा झालो की. दोन्ही रानं सोडतो."

"पंधरा वर्साची जागा सोडतोस? एवढा भ्यालास?"

"भ्यालेला माणूस जोरदाराच्या बाजूला जातो, मालक. माझ्या मेंढरांना पाणी तुमच्याकडं, चारा त्यांच्याकडं. तुमच्या भांडणात तुमी दोघं जगशीला, मरतील ती मेंढरं. उद्या कुणी कुणावर काठी उचलली, तर मी आडवा पडंन. कुणाचीबी काठी असू दे."

त्यानं घोड्याचा लगाम आवळला. "आन् इंद्रजितमालक म्हनत्यात, सरकारी मोजणी आणू, निघंल ते मान्य. तुमच्या दारात यायला त्यांचं पाऊल उचलंना. त्येच सांगाय आलतो, तुमी बोलूच दिलं न्हाई!"

आता धैर्यशीलरावांच्या ध्यानात आलं. हा माणूस आपल्या बाजूचा झाला असता, तर हा निरोप कुणी आणला असता!

"त्या टीव्हीवरल्या देशाचीबी मेंढरं दोन्हीकडं चरत आसतील," संयोगिता हळूच म्हणाली.

हवालदारसाहेबांनी स्वतः घोड्यावरचं बोचकं उतरवलं. कोकरू मात्र हरणाबाईनं त्यांच्या हातात दिलं नाही. "घाबरतंय तुमच्या मिशांना," ती म्हणाली. मग कोंडीबाला पुढं घालून ते वर्षानंतर भावाच्या उंबऱ्यावर गेले. मोजणी झाली, बांध दीड हात सरकला. कुणाकडं, ते दोघंही सांगत नाहीत.

वाचकहो, राष्ट्रं तटस्थ राहतात ती कधी पोटासाठी, कधी जुन्या जखमांमुळं, कधी उद्याच्या बोलण्याची वाट मोकळी राहावी म्हणून. त्यात स्वार्थही असतो, आणि डोळ्यांसमोरच्या अन्यायाकडं पाठ फिरवणं म्हणजे तटस्थपणा नव्हे. पण मधे उभं राहायलाही छाती लागते. म्हणून माणसाला असो वा देशाला, "तू कुणाचा?" असं विचारण्याआधी त्याचं काय पणाला लागलंय, ते विचारावं.