जोडकार्डाचा कोरा अर्धा

मित्रांनो, १९८४च्या जानेवारीत पांढुर्ण्याहून सौंसरला एक पत्र आले आणि त्याला तीन वर्षे उत्तर गेले नाही. ते उत्तर माझ्यावर लिहिले जायचे होते. मी एक जुने जोडकार्ड आहे. पोस्टात आम्ही दोन कार्डे एकमेकांना जोडूनच विकली जातो. एकावर पाठवणारा मजकूर लिहितो, दुसरे उत्तरासाठी कोरे सोडतो. पत्र पाठवणाऱ्या सुधाने माझ्यावर स्वतःचा पत्तासुद्धा लिहून ठेवला होता.

माझ्या जोडीदारावरचा मजकूर मला पाठ आहे. सौंसरच्या एका शाळेत नव्या कलेचे बक्षीस-प्रदर्शन भरले होते. मोठमोठी तैलचित्रे होती, पितळेचा चकचकीत घोडा होता. सुधाने मात्र दोरीवर अकरा ओट्या टांगल्या होत्या. ओटी म्हणजे कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ते फडके. वेचणी संपल्यावर बायांनी गाठ न सोडता, खाली सरकवून उतरवलेल्या, तशाच मळक्या.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी शाळेचे चपराशी गुलाबभाऊ यांनी गाठी सोडून त्या धुतल्या, नीळ घातली आणि पुन्हा टांगल्या.

"उद्या साहेब लोकं येऊन राहिले, बाई," ते सुधाला म्हणाले. "मळकं धुणं पाहून शाळेची काय इज्जत राहते? दोन साबणं घासले मी."

तिला रागावताही आले नाही. परीक्षक ओट्यांपुढे थांबलेच नाहीत. बक्षीस घोड्याला मिळाले.

शेवटी तिने लिहिले होते, 'काका, धुण्याआधी तुम्ही एकटेच तिथे बराच वेळ उभे होता. तुम्हाला काय दिसलं? काही दिसलं नसेल तर तसंही लिहा.'

हे काका म्हणजे सौंसरच्या वाचनालयाचे म्हातारे ग्रंथपाल मोरेश्वर. त्यांनी पेन उघडले, बंद केले. "मी कोण सांगणारा?" असे पुटपुटत आम्हा दोघांना जाड शब्दकोशात ठेवून दिले. मधून मधून ते आम्हाला काढत, वाचत आणि परत ठेवत. मी पिवळे पडले. मला राग येई. शाई पेलायला जन्मलेल्या कार्डाने खूण म्हणून का पडून राहावे?

परवा प्रदर्शन भरवणारे यशवंतराव वाचनालयात आले.

"यंदा काही पाठवते का म्हणून पांढुर्ण्याच्या त्या पोरीले विचारलं," ते हसत म्हणाले. "तर म्हणते, माझ्यात काही नव्हतंच. ओट्या पोतेऱ्याले काढून राहिली. सुटली बिचारी."

काकांनी पुस्तक मिटले. "त्या प्रदर्शनात मला त्याच सगळ्यात जास्त आवडल्या होत्या."

आवाज इतका हलका होता की यशवंतरावांनी कानामागे हात नेला. "काय म्हणता? तुम्ही आपले पुस्तकं वाचा जी. कलेतलं काय समजते तुम्हाले?"

"नाही समजत. पण तुम्ही त्या पाहिल्या कुठं? तुम्ही धुणं पाहिलं."

यशवंतराव गेल्यावर काकांनी शब्दकोश उघडला. आम्हा दोघांना घडीवर फाडून वेगळे केले आणि माझ्यावर लिहिले :

'चि. सुधा, उशीर झाला तो माझ्या भित्रेपणाने. मला अकरा गाठी दिसल्या, एकीसारखी दुसरी नाही. एक फार सैल होती; ती बाई गरोदर असावी. बोंडांच्या टोकांनी फडक्यांवर ओरखडे काढले होते. तिथे अकरा बाया उभ्या होत्या. माझी पसंती त्यांनाच, बक्षीस कुणालाही मिळो. ओट्यांची पोतेरी करू नकोस. त्या पुन्हा वेचणीला दे आणि पुन्हा टांग. या वेळी मी दारात बसेन, साबण आत जाऊ देणार नाही.'

मित्रांनो, तुम्हाला एखादी गोष्ट आवडली, तर जाणकारांच्या तोंडाकडे पाहत बसू नका. जिने ती केली तिला सांगा, आणि वेळेवर सांगा. कार्डे पिवळी पडतात, तशी माणसेही.

आता मी बस स्टँडजवळच्या लाल पेटीत आहे. काका अजून बाहेर उभे आहेत. एकदा त्यांनी फटीतून बोटे घालून पाहिली. पण मी तळाशी पडले आहे, आणि इथून मी काही परत जाणार नाही.