डाव्या हाताची सवय

लातुरात औसा रोडला सुदर्शनचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि गाडी या विषयावर शेवटचा शब्द त्याचाच, हे ओळखीच्या सगळ्यांनी केव्हाच मान्य करून टाकलेलं आहे. त्यामुळे जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या मृत्युंजयकडून त्याने नांदेडहून एका युरोपीय कंपनीची दहा-बारा वर्षं वापरलेली हॅचबॅक आणली, तेव्हा तिचे सुटे भाग कुठे मिळतात एवढंच विचारायची एखाद्याची हिंमत झाली, आणि त्यालाही अर्धा तास उभ्याउभ्या व्याख्यान ऐकावं लागलं.

व्याख्यानात खोटं काही नव्हतं. साध्या नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत असा जाड पत्रा, अशी दणकट दारं आणि पुढे दोन एअरबॅग कोण देणार होतं? सुदर्शनने पायाखालची मॅट उचलून खालचा पत्रा तपासला होता, बॉनेटचे बोल्ट कधी खोलले नाहीत ना ते बघितलं होतं. एकही डेंट नाही. पुढचे दोन्ही सीटबेल्ट तेवढे नवे होते. टोकाशी शिवलेल्या चिठ्ठीवरचं साल गाडीच्या सालापेक्षा बरंच अलीकडचं होतं. आधीचा मालक काळजी घेणारा दिसतो, म्हणून त्याला उलट समाधानच वाटलं.

सगळ्यात त्याचा जीव जडला तो गिअरबॉक्सवर. ऑटोमॅटिक, पण साधा नव्हे, आत दोन क्लच असलेला. एक गिअर चालू असतानाच पुढचा आतल्या आत लावून तयार ठेवायचा, आणि चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो ते हळूहळू शिकून त्याच्या कलाने वागायचं, अशी त्याची रचना होती. शिकवण्या घेणाऱ्या माणसाला शिकणारी गाडी मिळाली, असं तो हसत सांगायचा. डाव्या पायाला क्लचचं आणि डाव्या हाताला गिअरचं काम मात्र तिने ठेवलंच नव्हतं.

मृत्युंजयने देताना एकच सूचना केली होती. या गाड्यांना इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे असतो, आपल्याकडच्या गाड्यांच्या बरोबर उलट. नवा माणूस पंधरा दिवस तरी प्रत्येक वळणावर वायपर फिरवतो, तेव्हा लोक हसले तर मनाला लावून घेऊ नका. सुदर्शनने वायपर फिरवला नाही. नांदेडहून निघाल्यावर त्याचा डावा हात पहिल्याच वळणाला आपणहून इंडिकेटरवर गेला, आणि त्यानंतर एकदाही चुकला नाही. वीस वर्षांची सवय एका तासात मोडणारा माणूस म्हणून त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मात्र त्या आठवड्यात उलटंच झालं. निवृत्त तलाठी हणमंतराव शिकायला यायचे. त्यांना वळण दाखवताना सुदर्शनने कोरड्या काचेवर वायपर सुरू केला, तोही तीनदा.

"सर," हणमंतराव अदबीने म्हणाले, "आभाळ तर कोरडं हाय."

त्याची बायको उज्वला लोह्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आठवडाभर ती तिकडे खोली करून राहते आणि शनिवारची सकाळची शाळा सुटली की दुपारी सुदर्शन मुलीला, आठ वर्षांच्या सृष्टीला, घेऊन तिला आणायला जातो. जाताना सृष्टी पुढे बसते, येताना मागे. त्या दोघींना एकमेकींचा सहवास मिळायचा तो या गाडीच्या भरवशावर, आणि गाडी भक्कम हवी हा त्याचा हट्ट मुळात त्यासाठीच होता.

लोह्याच्या अलीकडे एक जुना, अरुंद पूल लागतो. पुलाआधी गाडी स्वतःहून गिअर उतरवते, हे सुदर्शनच्या लवकरच ध्यानात आलं. त्याने ब्रेकला पाय लावायच्या आधीच इंजिनाचा आवाज चढायचा आणि वेग उतरायचा. शिकली म्हणायची, असं त्याला कौतुकाने वाटलं. पहिल्याच फेरीलाही ती तशीच उतरली होती, हे आठवलं तेव्हा मात्र त्याने तो विचार फारसा लांबवला नाही.

एका शनिवारी परतताना उज्वला शेजारी बसली होती आणि बदल्यांच्या याद्यांबद्दल काहीतरी सांगत होती. पूल आला, गिअर उतरला, आणि ती बोलता बोलता थांबली. मग तिने सैल झालेला पट्टा दोन बोटांत धरून त्याला दाखवला.

"अहो, माझा बेल्ट कशाला सोडला तुम्ही?"

सुदर्शन हसला. आपण सोडला नाही, नीट लागलाच नसेल, असं म्हणाला. आपला हात आपल्यासमोर, स्टीअरिंगवरच होता अशी त्याची खात्री होती.

"पप्पा इथं दरवेळी सोडतेत," मागून सृष्टी सहज म्हणाली. "पूल झाला की मी लावते परत. पप्पाच म्हणले, पुलावर सोडायचा असतो."

उज्वलाने गाडी बाजूला घ्यायला लावली. सुदर्शनने पोरीला उलटसुलट विचारलं. ती गोंधळली नाही, घाबरलीही नाही. डाव्या हातानं सोडता, तिकडं बघतपण न्हाई, एवढंच तिने सांगितलं. त्याला ते बोलल्याचं आठवत नव्हतं, केल्याचंही आठवत नव्हतं. मग त्याला खरी भीती वाटली, आणि ती भीती उज्वलाला दिसू नये म्हणून तो तिच्यावरच चिडला.

घरी येऊन त्याने मृत्युंजयला फोन लावला. गाडी एकाच मालकाची, अपघात नाही, पाहिजे तर परत घेतो, असं मृत्युंजय म्हणाला. पट्टे का बदलले होते, असं सुदर्शनने विचारलं. तेव्हा तो म्हणाला की कापलेले होते, दोन्ही. आधीचा मालक रोज लोह्याच्या त्या पुलावरून जायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं; पट्टे का कापले ते त्यानेही विचारलं नव्हतं.

उज्वलाचं म्हणणं सरळ होतं. गाडी विका, आणि तोवर पोरीला त्यात बसवायचं नाही, मी एसटीने येत जाईन. सुदर्शनला हे पटायला हवं होतं. पण ज्याने अर्ध्या लातूरला हात कुठे ठेवायचे ते शिकवलं, त्याचाच हात त्याच्या ताब्यात नाही हे मान्य करणं त्याच्या जिवावर आलं. आठवडाभर त्याने एकट्याने सराव केला. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे असतात तसे दोन्ही हात स्टीअरिंगवर, औसा रोडला, रिंग रोडला, मग एकदा थेट त्या पुलापर्यंत. हात हलला नाही. बस्स, एवढंच होतं ते, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला आणि शनिवारी दुपारी उज्वलाला न कळवता सृष्टीला पुढे बसवून निघाला.

तिचा पट्टा त्याने स्वतः लावला, ओढून बघितला. माझ्या हातांकडे लक्ष ठेव, हलले की सांग, असं तिला बजावलं. तिने मान डोलावली. ऊन स्वच्छ होतं, रस्ता मोकळा होता, गाडी अशी सुरेख पळत होती की वाटेत त्याने तिला दोन क्लचची गंमतही समजावून सांगितली. पुढचं काय लागणार ते ओळखून ही आधीच तयार असते म्हणाला. सृष्टीने ते मन लावून ऐकलं.

पूल दिसला. गिअर उतरला. सुदर्शनने बोटं आवळली, इतकी की नखं पांढरी झाली. डाव्या दंडात काहीतरी ओढल्यासारखं झालं, पण हात जागचा हलला नाही. गाडी पुलावर आली आणि तो जिंकला होता. छाती फुलून आली. आता उज्वलाला तो सगळं सांगणार होता.

खट् असा आवाज झाला. मग पुन्हा एकदा, त्याच्या अगदी कमरेपाशी.

दोन्ही हात समोर स्टीअरिंगवरच होते. त्याच्या छातीवरचा पट्टा उजव्या खांद्यावरून सरसर वर गेला. शेजारी सृष्टीचाही सुटलेला होता. तिने आपला इवलासा हात मांडीवर परत ठेवला. नजर सरळ पुढे रस्त्यावर होती.

"तुमचे हात गुंतलेत ना पप्पा," ती म्हणाली, "म्हणून मीच सोडले दोन्ही."

पूल अजून अर्धा बाकी होता.